सोललेली कोळंबी

"आई, ह्या वेळी कालवण नको करायला. बॉइल करू या," माझी सून गिरिजा म्हणाली आणि मी खोबरं खवायची थांबले.

मे महिन्यातला मंगळवार होता, दिवेलागणीची वेळ. शाळेच्या सुट्टीतल्या ट्रेनिंगहून येऊन, हातपाय धुऊन ती माझ्यासमोर पाटावर बसली होती आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला होता. त्यात कुठली तरी परदेशातली माणसं होती. भलामोठा टोप, त्यात खेकडे, शिंपल्या, कोळंबी, बटाटे, मक्याची कणसं, सगळं एकत्र उकळलेलं. मग दोघांनी तो टोप उचलला, पाणी ओतून टाकलं आणि आतला ढीग सरळ टेबलावर पालथा केला. टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं. ना ताट, ना वाटी, ना भात. सगळे भोवती उभे राहून दोन्ही हातांनी खायला लागले.

हे जेवण का, असं मी विचारलं. लई सोपं असतंय, एकदा टोपात टाकलं की झालं, असं ती म्हणाली.

"गुरांचं आंबोणही सोपंच असतं," मी म्हटलं.

ती हसली. माझं बोलणं तिला लागायचं नाही, किंवा लागलं तरी दिसायचं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

आमच्याकडे दर वर्षी मे महिन्यात सगळं भाटकर कुटुंब हर्णैला जमतं. शनिवारी सत्यनारायणाची पूजा आणि रविवारी मासळीचं जेवण. माझं लग्न झाल्यापासून तीस वर्षं हे रविवारचं जेवण माझ्या हातचं. मुंबई-पनवेलची मंडळी पूजेपेक्षा रविवारसाठीच यायची. देवाला राग येऊ नये म्हणून कुणी तसं बोलून दाखवत नसे एवढंच. आणि आता मला शिकवत कोण होतं, तर जिने जन्मात मासळीचा तुकडा जिभेवर ठेवला नव्हता ती! गिरिजा लातूरची, लिंगायतांच्या घरातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून आमच्या गावात आली, माझ्या रोशनच्या मोटारींचं वाइंडिंग भरायच्या दुकानात शाळेचा पंप दुरुस्तीला घेऊन गेली आणि पंपाबरोबर रोशनलाही घेऊन गेली. लग्नाला मी आडवी आले नाही. पण घरात आल्या दिवशीच तिला सांगितलं, की तुझं पिठलं-भाकरी तू वेगळ्या शेगडीवर कर, माझ्या मासळीच्या भांड्यांना हात लावायचा नाही. तिने मान हलवली. चारचौघांत मी तिला घासफूस म्हणायचे. तेव्हाही ती हसायची.

आता ह्या गोष्टीला नऊ वर्षं झाली, तेव्हा लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. त्या मंगळवारी मला जी धास्ती होती ती बॉइलची नव्हती. ती होती माझ्या नाकाची.

त्याच वर्षी पौषात मला ताप आला होता. आठ दिवस अंथरुणात होते. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं सर्दी आहे. मग एकदा शेजारची बेबी कुंपणापलीकडून ओरडली, द्वारकाकाकी, काय करपतंय? मी चुलीपाशीच उभी होते. दूध उतू जाऊन खाली काळं झालं होतं, घरभर धूर होता आणि मला काही कळलं नव्हतं. त्या दुपारी दार लावून मी एकेक डबा उघडून हुंगला. हिंग, कापूर, सुके बोंबील, रॉकेलची बाटली. नुसती हवा. जेवतानाही खारट, तिखट, आंबट एवढंच उरलं होतं. पुढे करोनात असं पुष्कळांचं झालं, तेव्हा लोकांना कळलं की वास जातो म्हणून. पण माझ्या वेळी असलं कुणी ऐकलंही नव्हतं. आणि मी सांगणार कुणाला? बंदरावरच्या लिलावात बायका मासळी घेण्याआधी मला हाक मारायच्या. दोन दिवस बर्फात ठेवलेली सुरमई मी हातभर अंतरावरून ओळखायचे. विकणाऱ्या बायका मला बघून पाट्या झाकून घेतात असं आमचे हे सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. सोनाराने दिसत नाही म्हणून सांगितलं तर त्याच्याकडे सोनं कोण देईल?

मी निभावून नेत होते. अख्खा मासा असला की डोळा बघायचा, कल्ला उघडून लाल आहे का बघायचं, बोटाने दाबायचं. पण फाल्गुनात मी मुशी आणली. मुशी ही शार्कच्या जातीतली, आमच्याकडे तिच्या कापलेल्या तुकड्या विकतात. शिळी झाली की डोळ्यांत पाणी येईल असा दर्प सुटतो, दिसायला मात्र पांढरीशुभ्र. मी भरपूर मसाला आणि तिरफळं घालून कालवण केलं. रोशनने दोन घास खाल्ले आणि विचारलं, आई, आज तिरफळं जास्त पडलीत का? मी हो म्हटलं. माझ्या हातच्या मासळीवर शंका घ्यायची ह्या घरात पद्धतच नव्हती, तेव्हा बापलेकांनी मुकाट्याने ताट संपवलं. मला त्या दिवशी भूक नव्हती म्हणून मी नुसता आमटीभात घेतला होता. दुसऱ्या दिवशी दोघं उलट्यांनी आडवे झाले, तीन दिवस सलाइन लागलं. ह्यांनी सगळा दोष स्टँडवरच्या वड्याला दिला. मीही मान हलवली.

तेव्हापासून मला धसका बसला होता. रविवारी अठरा पानं. त्यात माझ्या नणंदेची, हेमावन्संची, मुलगी ऋजुता सहा महिन्यांची गरोदर. खोटं बोलायचं तर सगळ्यांच्या जिवाशी खेळ आणि खरं बोलायचं तर तीस वर्षांचं नाव एका वाक्यात संपणार. आठवडाभर मी हेच डोक्यात घोळवत होते, आणि वर ही बया बॉइल घेऊन आली.

बरं, तिच्यावर माझा राग होता तो काही उगाच नव्हता. शिमग्यापर्यंत ही मुलगी मासळी साफ होत असली की ओढणी नाकाला लावून, गटार ओलांडावं तशी स्वयंपाकघरावरून जायची. शिमग्यानंतर अचानक दारात येऊन उभी राहायला लागली. ओढणी नाही, काही नाही. डोळ्यांत पाणी यायचं तरी हलायची नाही. मी म्हटलं, हिचा माझ्या ओट्यावर डोळा आहे. मग दोनदा माझी साफ करून ठेवलेली मासळी गायब झाली. विचारलं तर म्हणाली, बोका आला होता. आणि एकदा तर मी सुरमईच्या तुकड्यांना मीठ-मसाला लावून आंघोळीला गेले, येऊन बघते तर गॅसवर पिठलं. म्हणे, ह्यांना आज पिठलं खावंसं वाटतंय. रोशनला विचारलं तर त्याला पत्ताच नव्हता. सुरमईचं काय झालं तर पुन्हा बोका. मी ह्यांना म्हटलं, ही मुलगी हळूहळू आपलं घर शाकाहारी करून सोडणार. हे म्हणाले, मग बोक्याचे हाल होतील. ह्यांचं हे असंच.

मी बॉइलला नाहीच म्हणणार होते. पण रोशनने तो व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला आणि मुंबईची पोरं नाचायला लागली. माझी हार मी तोंड उघडायच्या आधीच झाली होती.

गुरुवारी गिरिजाने यादी केली. खेकडे, जिवंत. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, त्याही जिवंत. बटाटे, कणसं, लसूण, लिंबं, लोणी. मी विचारलं, कोळंबी कुठाय? त्या मोबाइलात तर होती.

"कोळंबी नको, आई."

"का?"

"तिची तशी चव येत नाही म्हणे."

कोण म्हणे, असं मी विचारलं. ती यादीत लिंबांचा आकडा लिहायला लागली. लातूरच्या लिंगायताची पोर मला सांगते कोळंबीला चव नाही, हे ऐकून मला हसावं की रडावं ते कळेना. मी यादी घेतली आणि शनिवारी पूजा होईपर्यंत तिच्याशी बोलले नाही.

रविवारी सकाळी आम्ही बंदरावर गेलो. ती पहिल्यांदाच माझ्याबरोबर आली होती, पिशवी धरून माझ्या मागे मागे. अमावास्या दोन दिवसांवर होती, म्हणजे खेकडे भरलेले मिळणार. मी उलटे करून पोट दाबून एकेक निवडला. नांग्या बांधलेल्या तरी पाय झाडत होते. तिसऱ्या निवडताना उघडी दिसेल तिच्यावर टिचकी मारायची. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर बाजूला. तासाभरात सगळी खरेदी झाली आणि एकदाही कुणी मला वास बघायला सांगितलं नाही. परतताना मी चक्क गुणगुणत होते. का, ह्याचा विचार मी केला नाही.

अंगणात तीन दगडांची चूल मांडली, तिच्यावर गावच्या मंडळाचा मोठा टोप चढवला. हे जाळ घालायला बसले. खेकडे मी बर्फात पुरून ठेवले होते, कारण जिवंत खेकडा तसाच उकळत्या पाण्यात टाकला की पाय आणि नांग्या गाळून टाकतो. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात वाळू सोडत होत्या. वर्तमानपत्रावर जेवायला मी साफ नकार दिला. शाई खायची तर पोरांनी शाळेत खावी, माझ्या घरी केळीची पानं अंथरायची. एकाच ढिगातून सगळ्यांनी खायचं म्हणजे उष्ट्याचं काय, असं ह्यांच्या चुलतभावाने काढलं. त्यावर गिरिजाने मास्तरीण बोलते तसं ठामपणे सांगितलं, की आपल्यासमोरचं उचलायचं आणि उचललेलं परत टाकायचं नाही. वाद मिटला.

पाण्यात मीठ, लसणीचे अख्खे गड्डे, कांदे, लिंबाच्या फोडी आणि माझा मसाला पडला. बटाटे टाकले आणि तेवढ्यात हेमावन्संची गाडी आली. ऋजुताला दोन दिवसांची दगदग नको म्हणून त्या पूजेला न येता रविवारीच पनवेलहून निघाल्या होत्या. उतरल्या त्या हातात पिशवी घेऊनच.

"वहिनी, दोन किलो कोळंबी आणलीय. सोलून घेतली, म्हटलं तुझी कटकट नको. तुझ्या त्या बॉइलात टाक."

पहाटे बाजारातून घेतलेली, साडेचार-पाच तास गाडीच्या डिकीत, मे महिन्याच्या उन्हात. बर्फ होता, त्याचं पाणी झालं होतं. मी परातीत ओतली. सोललेल्या कोळंबीला डोकं नसतं, साल नसतं, पाय नसतात. धुतलेली, ओली, करडी. डोळ्याला काही कळत नाही, बोटाला काही कळत नाही. तिथे फक्त नाक लागतं, आणि अंगणभर तर चुलीचा धूर होता.

मी म्हटलं, राहू दे, खेकडे पुष्कळ आहेत. वन्संचा चेहरा उतरला. खराब आहे का, त्यांनी विचारलं. तसं नाही, मी म्हटलं. मग वास घेऊन सांग ना, त्या म्हणाल्या, तू हो म्हणालीस की टाकू, ऋजुताला कोळंबीचे डोहाळे लागलेत, तिच्यासाठीच आणलीय.

"हिने हो म्हटलं की डोळे मिटून खावं," हे चुलीपाशून म्हणाले. "सबंध बंदराला विचारा."

सगळे माझ्याकडे बघत होते. दीर, जावा, पोरं, पोटावर हात ठेवून खुर्चीत बसलेली ऋजुता. मी मूठभर कोळंबी उचलली, नाकाशी नेली आणि तीस वर्षं घेत आले तसा वास घेतला. नुसती ओली गार हवा. मी तशीच थांबले, जणू बारकाईने बघतेय. खरं म्हणजे देवाची आठवण काढत होते.

"ताजी आहे," मी म्हटलं.

गिरिजा तीन पावलांवर लिंबं कापत होती. तिने सुरी खाली ठेवली. येऊन माझ्या हातातली परात धरली आणि म्हणाली, द्या आई, मी टाकते. माझ्यादेखत तिने मासळीच्या भांड्याला हात लावायची ती पहिलीच वेळ. मी सोडली परात. ती चुलीकडे दोन पावलं गेली आणि तिने परात उलटी केली. टोपात नाही. चुलीच्या बाजूला, राखेत आणि सांडपाण्याच्या चिखलात.

दोन किलो कोळंबी राखेत लोळली. कुणी काही बोलायच्या आधी ती म्हणाली, हात सटकला.

मग जे व्हायचं ते झालं. जाऊबाई हळहळल्या, पोरं चुकचुकली, रोशन सगळ्यांसमोर तिला म्हणाला, लक्ष कुठे असतं तुझं? ती खाली बसली आणि एकेक कोळंबी चिखलातून उचलून परातीत टाकायला लागली. नुसत्या हातांनी. ओढणी पाठीवर टाकलेली. एकदा तिने माझ्याकडे वर बघितलं. काही मागायला नाही, विचारायला नाही. मला तिच्या चेहऱ्यावर एवढंच दिसलं, की आता हिला कुणी कापलं तरी ही एक शब्द बोलणार नाही.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. बोका. आमच्या आळीत एकच बोका होता आणि तो दिवाळीतच ट्रकखाली गेला होता. दोन महिने मी मेलेल्या बोक्याला शिव्या घालत होते. पिठलं झालं तो दिवस आठवला. दारात उभी राहून डोळे पुसणारी ती आठवली. खेकडे जिवंत, तिसऱ्या जिवंत, कोळंबी नको. जिवंत मासळीला नाक लागत नाही, हे मला कळायला हवं होतं. ते लातूरच्या पोरीने माझ्यासाठी शोधून काढलं होतं, मोबाइल चाळत बसून, परदेशातून.

लाज वाटते सांगायला, पण तरी मी गप्प बसले. चार-पाच श्वास तरी गप्प बसले. कोळंबी गेली होती, धोका टळला होता. हात सटकला म्हणजे सटकला. माझं नाव जिथल्या तिथे होतं. मी नुसती दुसरीकडे बघितलं असतं तरी चाललं असतं.

"मासळी बघवत नाही तर लांब बसावं," हेमावन्सं म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घासावर कशाला उठावं? आईवडिलांनी एवढंही शिकवलं नाही?"

गिरिजाचा हात थांबला. फक्त थांबला. मग पुन्हा ती उचलायला लागली.

"वन्सं, पुरे," मी म्हटलं. "तिचा हात सटकला नाही. तिने मुद्दाम सांडली."

"म्हणजे?"

"कोळंबी खराब आहे. तिला वास आला."

"अगं, पण तू तर आत्ता..."

"मी खोटं बोलले. मला वास येत नाही. पौषातल्या तापापासून कसलाच येत नाही."

मला वाटलं होतं कुणी तरी हसेल, नाहीतर ओरडेल. हे हातातलं लाकूड तसंच धरून माझ्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात त्यांनी एकच विचारलं.

"मग ती मुशी?"

"हो," मी म्हटलं. "ती मीच तुम्हाला खायला घातली."

त्यांनी लाकूड चुलीत सारलं आणि मान खाली घातली. हेमावन्संनी परातीतली एक कोळंबी उचलली, नाकाशी नेली आणि झटकन लांब केली. ऋजुताकडे बघितलं. नंतर साडी वर खोचून त्या गिरिजाच्या शेजारी चिखलात बसल्या आणि उरलेली कोळंबी उचलायला लागल्या. तिला त्या काही म्हणाल्या असतील तर मला ऐकू आलं नाही. मी तोवर घराच्या मागे गेले होते, विहिरीच्या कट्ट्यावर, एकटीने रडायला.

थोड्या वेळाने गिरिजा तिथे हात धुवायला आली. साबण लावून तीनदा धुतले तिने. मी तिला विचारलं, तुला कधीपासून ठाऊक होतं.

"मुशीच्या दिवसापासून," ती म्हणाली. "त्या दिवशी मला वास आला होता, आई. इतका की डोळ्यांतून पाणी आलं. पण मला वाटलं, मासळीचा वास असाच असतोय. मी कधी नीट घेतलाच नव्हता की. ओढणी लावूनच असायचे." तिने साबण जागेवर ठेवला. "मग ह्या दोघांना सलाइन लागलं, तेव्हा कळलं की तुम्हाला वास आलाच नव्हता. मी बोलले असते तर सलाइन लागलं नसतं."

म्हणून ती ओढणी काढून दारात उभी राहायला लागली होती. ताज्याचा कसा येतो, शिळ्याचा कसा येतो, शिकत होती. जिला मासळीच्या नुसत्या विचाराने ढवळायचं ती मुलगी रोज अर्धा तास माझ्या दारात उभी राहून वास पाठ करत होती. आणि मी तिला हाड म्हणावं तशी वागवत होते.

"मला सांगायचं नाहीस का? एका शब्दाने?"

"तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही झाकलेलं मी कसं उघडणार?"

मी तिचे ओले हात धरले आणि पदराने पुसले. घासफूस म्हणायचे त्याची माफी मागायची होती, तीही धड मागता आली नाही. ती म्हणाली, चला आई, कणसं टाकायचीत, बटाटे शिजून गेले असतील. शाळेत पोरांना वर्गात नेतात तशी ती मला अंगणात घेऊन आली.

खेकडे टाकले, कणसं टाकली, शेवटी तिसऱ्या. त्या उघडायला लागल्या तसा रोशनने आणि त्याच्या चुलतभावाने टोप उतरवून पाणी ओतलं आणि ढीग केळीच्या पानांवर पसरला. वरून लसूण-तिखट घातलेलं वितळलेलं लोणी. लालभडक खेकडे, पिवळी कणसं, वाफ निघतेय. पोरं तुटून पडली. दिरांनी बाह्या सावरल्या. चारी बाजूंनी नांग्या फोडल्याचा आवाज. माझ्या नाकाचा विषय कुणी काढला नाही, पण प्रत्येक जण मधून मधून माझ्याकडे बघत होता, हे मला कळत होतं.

माझा हात काही पुढे जाईना. सकाळी मीच पाय झाडणारे खेकडे आणले होते, मीच तिसऱ्या टिचकी मारून निवडल्या होत्या. ताजं आहे हे मला डोळ्यांनी माहीत होतं. पण पौषापासून प्रत्येक घास मी भीत भीतच गिळत आले होते, आणि आता ती भीती लपवायचीही गरज उरली नव्हती. मी पानासमोर नुसती बसून राहिले.

दुसऱ्या टोकाला गिरिजा होती. तिच्यासाठी वेगळ्या भांड्यात उकडलेले दोन बटाटे आणि एक कणीस घेऊन वाऱ्याच्या उलट दिशेला बसलेली.

"गिरिजा, इकडे ये," मी हाक मारली. मुद्दाम मोठ्याने मारली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "ह्याचा वास घे आणि मला सांग कसा येतोय."

ती उठून आली. माझ्या खांद्यावर एक हात ठेवून त्या ढिगावर वाकली, डोळे मिटले आणि छाती भरून वास घेतला. खायचे सगळे थांबले होते.

"मळमळतंय, आई," ती म्हणाली. "पण ताजं आहे. खावा तुम्ही."

मी खेकडा उचलला, नांगी दाताखाली फोडली आणि पोटभर जेवले.